‘सेक्शुअल असॉल्ट’चा अर्थ शोधायला इंडिया कोड किती कामाचं?

इंग्रजी निकालपत्रात किंवा बातमीत ‘सेक्शुअल असॉल्ट’ दिसलं की मराठीत काय लिहायचं, असा पेच भाषांतरकारांपासून कार्यालयीन तक्रार समितीच्या सदस्यांपर्यंत सगळ्यांना पडतो. बलात्कार? विनयभंग? लैंगिक अत्याचार? सर्च इंजिनला विचारावं तर वरती येतात ते बहुधा परदेशी कायद्यांचे अर्थ. इंग्लंडच्या सेक्शुअल ऑफेन्सेस ॲक्ट २००३ मध्ये कलम ३ ला हेच नाव आहे आणि तिथली व्याख्या छान सुटसुटीत आहे: हेतुपुरस्सर स्पर्श, तो लैंगिक स्वरूपाचा, समोरच्याची संमती नाही आणि संमती आहे असं मानायला वाजवी कारणही नाही. कॅनडाने १९८३ साली ‘रेप’ हा गुन्हाच संहितेतून काढला आणि त्या जागी ‘सेक्शुअल असॉल्ट’ आणला. म्हणजे लंडनच्या बातमीत या शब्दांचा एक अर्थ, टोरांटोच्या बातमीत दुसरा, आणि नागपूरच्या खटल्याला दोन्ही लागू नाहीत.

भारतातला अर्थ हवा असेल तर भारतीय अधिनियमाचा मूळ मजकूर वाचायला हवा. तो मोफत मिळण्याचं अधिकृत ठिकाण म्हणजे इंडिया कोड. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या विधायी विभागाचं हे संकेतस्थळ आहे. लॉगिन नाही, वर्गणी नाही. मजकूर भरवशाचा, शोधयंत्रणा कच्ची, आणि वाचकाला हाताला धरून नेण्याचा विचार कोणी केलेला नाही, असं त्याचं थोडक्यात वर्णन करता येईल. या एका संज्ञेचा पाठपुरावा करताना त्याचे गुण आणि दोष दोन्ही नीट उघडे पडतात.

मुखपृष्ठावरच्या शोधपेटीत थेट ‘सेक्शुअल असॉल्ट’ टाकू नका. केंद्राचे, राज्यांचे, मुख्य, दुरुस्तीचे असे सगळे अधिनियम एकत्र समोर येतात आणि त्यांतला कुठला आपल्या कामाचा हे नवख्याला कळत नाही. शब्दापासून सुरुवात केली की इथे हमखास भरकटायला होतं. आधी अधिनियम ठरवायचा, मग त्यात शब्द शोधायचा. आणि अधिनियम ठरवायला तीन गोष्टी लागतात: पीडित व्यक्तीचं वय, घटनेची तारीख आणि घटना कामाच्या ठिकाणी घडली का. या तीन गोष्टी हाताशी नसतील तर संकेतस्थळ कितीही चांगलं असलं तरी उत्तर मिळणार नाही.

वय अठराच्या आत असेल तर पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२. संक्षिप्त नावाने किंवा वर्ष २०१२ आणि अधिनियम क्रमांक ३२ असं शोधलं की तो सापडतो. पान उघडल्यावर सगळ्यात वर एक तक्ता येतो. लोक तो ओलांडून थेट कलमांवर जातात, आणि पहिली चूक तिथेच होते. त्या तक्त्यात अधिनियमितीची तारीख आणि अंमलाची तारीख वेगवेगळ्या दिलेल्या असतात. पोक्सोला राष्ट्रपतींची संमती १९ जून २०१२ ला मिळाली, पण तो लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला. मधल्या काळातली घटना या अधिनियमाखाली येत नाही, कारण कृत्य घडलं त्या वेळी जो कायदा अंमलात होता त्याखालीच दोषी धरता येतं, असं संविधानाचा अनुच्छेद २०(१) सांगतो. शब्दकोशात तारखा नसतात. इंडिया कोडवर त्या असतात, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी ते कुठल्याही कोशाच्या पुढे आहे.

आता कलमं. कलम २ व्याख्यांचं. त्यातल्या खंड (i) मध्ये ‘सेक्शुअल असॉल्ट’ आहे, पण तिथे अर्थ नाही; कलम ७ मधला अर्थ घ्यावा एवढंच म्हटलंय. कलमांच्या यादीत प्रत्येक मथळ्यावर वेगळं क्लिक करून मजकूर उघडावा लागतो, त्यामुळे कलम २ वरून ७ वर, तिथून शिक्षेसाठी ८ वर अशी उडी मारताना मघाचं पुन्हा शोधावं लागतं. असं मागेपुढे वाचायचं असेल तेव्हा सरळ पीडीएफ उतरवून घ्यावी.

कलम ७ नीट वाचलं की बराच गोंधळ संपतो. त्याचे दोन भाग आहेत. एक, लैंगिक हेतूने बालकाच्या ठरावीक खाजगी अवयवांना स्पर्श करणं किंवा बालकाला तसा स्पर्श करायला लावणं. दोन, लैंगिक हेतूने केलेलं दुसरं कुठलंही कृत्य, ज्यात शारीरिक संपर्क आहे पण प्रवेश नाही. शिक्षा कलम ८ मध्ये: कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, शिवाय दंड. प्रवेश असेल तर गुन्हा कलम ३ चा, ‘पेनिट्रेटिव्ह सेक्शुअल असॉल्ट’, आणि शिक्षा कलम ४ ची. आरोपी पोलीस, लोकसेवक, शाळा-रुग्णालयातला कर्मचारी किंवा नातेवाईक असेल, किंवा मूल बारा वर्षांखालचं असेल, तर गुन्हा ‘ॲग्रॅव्हेटेड’, म्हणजे अधिक गंभीर, होतो: प्रवेशासह असेल तर कलम ५ आणि ६, नसेल तर ९ आणि १०. कलम १० ची शिक्षा पाच ते सात वर्षं.

म्हणून इंग्रजी बातमीत ‘पोक्सोखाली सेक्शुअल असॉल्टबद्दल तीन वर्षं सक्तमजुरी’ असं वाक्य असेल, तर शिक्षेच्या आकड्यावरूनच ते कलम ८ असल्याचं जवळपास नक्की होतं. त्याचं भाषांतर ‘बलात्कारप्रकरणी तीन वर्षं’ असं छापणं साफ चूक आहे, आणि ही चूक छापून येताना दिसते. ‘लैंगिक अत्याचार’ हा वृत्तपत्रांचा लाडका शब्द कलम ४, ६, ८, १० या सगळ्यांवर सरसकट पांघरला जातो. तो चुकीचा म्हणता येणार नाही, पण त्यातून वाचकाला गुन्ह्याचं गांभीर्य कळत नाही. सोपा उपाय: मराठी शब्द कुठलाही वापरा, शेजारी कलम लिहा.

पीडित व्यक्ती सज्ञान असेल तर पान वेगळं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांसाठी जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता, २०२३, अधिनियम क्रमांक ४५. हिच्या पाचव्या प्रकरणात स्त्रिया आणि बालकांविरुद्धचे गुन्हे एकत्र केलेत. इथे ‘सेक्शुअल असॉल्ट’ची व्याख्या शोधू नका, ती नाही. कलम ६३ मध्ये ‘रेप’, कलम ७४ मध्ये स्त्रीचा विनयभंग करण्याच्या उद्देशाने हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग, ७५ मध्ये लैंगिक छळ, ७६ मध्ये विवस्त्र करण्याच्या उद्देशाने हमला, ७७ मध्ये चोरून पाहणं किंवा चित्रण करणं, ७८ मध्ये पाठलाग, आणि ७९ मध्ये विनयभंगाच्या उद्देशाने शब्द, हावभाव किंवा कृती. सज्ञान स्त्रीबाबतच्या भारतीय बातमीत ‘सेक्शुअल असॉल्ट’ असेल तर तो बातमीदाराचा शब्द समजायचा. त्यामागे ६३ आहे की ७४, हे प्राथमिक माहिती अहवालातूनच कळेल. ‘मोलेस्टेशन’चंही तसंच; कलम ७४ च्या मथळ्यात तो शब्द नाही.

नुसत्या ‘असॉल्ट’ची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि संहितेचं पान खरं तर याचसाठी उघडावं. कलम १३० प्रमाणे ‘असॉल्ट’ला स्पर्श लागतच नाही. हावभाव किंवा तयारी अशी असावी की समोर हजर असलेल्या माणसाला आता आपल्यावर बळाचा वापर होणार अशी धास्ती वाटेल, आणि तसं वाटावं हा उद्देश असावा किंवा तसं वाटण्याचा संभव आहे याची जाणीव असावी, एवढं पुरे. नुसते शब्द ‘असॉल्ट’ होत नाहीत, पण शब्दांमुळे हावभावाला तो अर्थ येऊ शकतो, असं स्पष्टीकरणही तिथे आहे. प्रत्यक्ष बळ वापरलं की ते कलम १२९ चं ‘क्रिमिनल फोर्स’. म्हणजे एकाच देशाच्या कायद्यात ‘असॉल्ट’ला स्पर्श नको आणि पोक्सोतल्या ‘सेक्शुअल असॉल्ट’ला शारीरिक संपर्क हवाच. दोन शब्दांचे अर्थ कोशातून सुटे काढून जोडणाऱ्याचा इथे हमखास घात होतो. पोक्सोच्या कलम २(२) प्रमाणे त्या अधिनियमात व्याख्या नसलेल्या शब्दांसाठीच दंड संहितेकडे जायचं असतं. ‘सेक्शुअल असॉल्ट’ची व्याख्या तिथे आहे, तेव्हा ती सोडून १३० कडे वळायचं कारणच नाही.

‘सेक्शुअल हॅरॅसमेंट’चा गुंता याहून मोठा, कारण तिच्या तीन व्याख्या एकाच वेळी जिवंत आहेत. न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये करणारा पुरुष असावा लागतो. नको असलेला शारीरिक संपर्क, लैंगिक मागणी आणि मनाविरुद्ध अश्लील साहित्य दाखवणं यांना तीन वर्षांपर्यंत, तर लैंगिक शेरेबाजीला एक वर्षापर्यंत शिक्षा. पोक्सोच्या कलम ११ मध्ये करणारा कोणीही असू शकतो आणि मूल मुलगा असो की मुलगी, फरक पडत नाही. तिसरी व्याख्या २०१३ च्या अधिनियम क्रमांक १४ मधली, म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबतच्या कायद्यातली. तिथल्या कलम २(n) चं शेवटचं कलमवाक्य बरंच रुंद आहे: लैंगिक स्वरूपाचं कुठलंही अनिष्ट शारीरिक, शाब्दिक किंवा शब्दांविना केलेलं वर्तन. त्या कायद्याखालच्या समितीसमोर शिक्षेचा नव्हे तर शिस्तभंगाचा प्रश्न असतो. समितीच्या अहवालात कलम ७५ ची भाषा उचलून ‘गुन्हा सिद्ध’ असं लिहिणारे सदस्य असतात. समितीने तसं लिहू नये. तिने कलम २(n) मध्ये बसणारं वर्तन घडलं की नाही एवढंच सांगायचं. हा अधिनियम लागू झाला ९ डिसेंबर २०१३ ला, आणि त्याचे नियम त्याच पानावर दुय्यम विधानाच्या टॅबखाली मिळतात. तो टॅब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, आणि तक्रारीच्या सहा प्रती, उत्तराला दहा कामकाजाचे दिवस वगैरे रोज लागणाऱ्या गोष्टी नेमक्या नियमांतच आहेत.

तळटिपांचं मात्र कौतुक करायला हवं. बदललेल्या शब्दांभोवती चौकटी कंस आणि आकडा असतो, खाली कुठल्या अधिनियमाने, कुठल्या तारखेपासून बदल झाला ते लिहिलेलं असतं. जुन्या भारतीय दंड संहितेचं ‘रेप’बद्दलचं कलम ३७५ पाहा. तळटीप सांगते की २०१३ च्या अधिनियम १३ ने ते बदललं, अंमल ३ फेब्रुवारी २०१३ पासून. पण अधिनियमाला संमती मिळाली २ एप्रिलला, मग तारीख फेब्रुवारीची कशी? कारण ३ फेब्रुवारीला एक अध्यादेश निघाला होता. त्या अध्यादेशाने ‘रेप’ काढून त्या जागी ‘सेक्शुअल असॉल्ट’ आणलं होतं, तेही स्त्री-पुरुष भेद न करता. संसदेने अधिनियम करताना ‘रेप’ परत आणलं आणि अंमल मागच्या तारखेपासून दिला. त्यामुळे फेब्रुवारी-मार्च २०१३ मधल्या कागदपत्रांत ‘सेक्शुअल असॉल्ट, कलम ३७५’ दिसलं तर ती टंकलेखनाची चूक समजू नये. संकेतस्थळावरच्या एकत्रित मजकुरात हा अध्यादेश दिसत नाही, फक्त तळटिपेतली तारीख त्याचा माग सांगते. एका ओळीचं स्पष्टीकरण जोडायला काय हरकत होती कोण जाणे.

जुनी दंड संहिता मुळात सापडण्यातच अडचण. १ जुलै २०२४ पासून ती रद्द झाली, त्यामुळे ती रद्द अधिनियमांच्या विभागात शोधावी लागते. तरी तिची गरज संपलेली नाही: त्या तारखेआधीच्या घटनांचे खटले तिच्याखालीच चालतात, न्याय संहितेच्या कलम ३५८ मध्ये तशी तरतूद आहे. जुनं कलम ३५४ म्हणजे नवं ७४ हे जुळवायला इंडिया कोड मदत करत नाही. त्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं ‘संकलन’ हे मोफत ॲप बरं आहे; त्यात जुन्या-नव्या कलमांचा तक्ता मिळतो. मात्र तक्त्यावर विसंबून थांबू नये. ३५४ख समोर ७६ आणि ३५४ग समोर ७७ असं दिसलं की दोन्ही एकच वाटतात. जुन्या दोन्ही कलमांची सुरुवात ‘कोणताही पुरुष’ अशी होती, नव्यांत ‘जो कोणी’ आहे. म्हणजे आता आरोपी स्त्रीही असू शकते. ७५ आणि ७८ मध्ये मात्र पुरुषच राहिला. हा फरक दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचल्याशिवाय दिसत नाही.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे न्यायालयांनी लावलेला अर्थ इथे नाही. अधिनियमांच्या संग्रहाकडून तशी अपेक्षाही नाही, पण याची सूचना तरी ठळक हवी होती. पोक्सोचं कलम ७ च घ्या. ‘शारीरिक संपर्क’ म्हणजे त्वचेला त्वचेचा थेट स्पर्श, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये लावला आणि कपड्यांवरून केलेल्या कृत्याला फक्त विनयभंग ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द केला; लैंगिक हेतू महत्त्वाचा, मध्ये कापड असणं नाही, असं सांगून कलम ८ ची तीन वर्षांची शिक्षा दिली. कलमाचा मजकूर दोन्ही वेळी अक्षरशः तोच होता, आणि आजही तोच आहे.

दुसरं उदाहरण जुन्या ३७५ च्या अपवाद २ चं, म्हणजे पतीने पत्नीशी ठेवलेला संबंध ‘रेप’ न मानणाऱ्या तरतुदीचं. मजकुरात त्यासाठी पत्नीचं किमान वय पंधरा, पण सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ ला ते अठरा असं वाचायला सांगितलं. संसदेने अक्षर बदललं नाही, म्हणून पीडीएफमध्ये पंधराच. नव्या कलम ६३ मध्ये अठरा थेट मजकुरात आलं. २०१८ मधल्या घटनेच्या खटल्यासाठी जुनी पीडीएफ उघडून ‘पंधरा’ उद्धृत केलं तर फजिती ठरलेली. ‘विनय’ या शब्दाची तर व्याख्याच कुठल्या कलमात नाही; तान्ह्या मुलीच्या बाबतीतही विनयभंग होऊ शकतो हे १९६६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून समजतं. तेव्हा कलम वाचून झालं की सर्वोच्च न्यायालयाच्या मोफत ई-एससीआर संकेतस्थळावर त्या कलमावरचे निकाल पाहणं ही कामाची दुसरी पायरी समजावी. एकट्या इंडिया कोडवर अर्थ पक्का करू नये.

तांत्रिक कुरबुरी बऱ्याच आहेत. पान कधी लगेच उघडतं, कधी फिरतं चक्र बघत बसावं लागतं. एखाद्या कलमाचा दुवा जपून ठेवावा तर तो भलामोठा निघतो. मोबाइलवर कलमांचा तक्ता आडवा सरकवावा लागतो. पीडीएफमध्ये शोधताना पूर्ण संज्ञेऐवजी एकच शब्द टाकावा. ओळ मध्येच तुटली किंवा तळटिपेचा कंस आड आला की दोन शब्दांची जोडी सापडत नाही, आणि माणूस ‘हा शब्द या कायद्यात नाहीच’ असं समजून पुढे जातो. हिंदी प्रत स्कॅन केलेली असेल तर शब्दशोध चालतच नाही. पण हिंदी प्रत जरूर उघडावी: मराठी मसुदा करताना ‘हमला’, ‘लज्जा भंग’ अशा पर्यायांमागचा विचार तिथे दिसतो. तो जसाच्या तसा उचलायचा नाही, कारण मराठी न्यायव्यवहारात ‘विनयभंग’ रुळलेला आहे. आणखी एक धोका राज्य सुधारणांचा. काही कलमांखाली एखाद्या राज्यापुरता बदल छापलेला असतो, आणि घाईत तो देशभर लागू आहे असं वाटतं. राज्याचं नाव आधी वाचावं.

तक्रार करण्यासाठी कलम शोधत या संकेतस्थळावर कोणी येत असेल तर ते इथे नको. कलम लावणं पोलिसांचं काम आहे, तक्रारदाराने घडलेलं सांगायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, पोलीस ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते; इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते, मग तीन दिवसांत सही करावी लागते. तातडीला ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१. बालकाविरुद्ध असा गुन्हा घडल्याचं माहीत असून न कळवणं हाच पोक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा आहे, त्यामुळे शाळेत किंवा संस्थेत ‘आधी अर्थ नीट तपासू’ म्हणून दिवस घालवण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

भाषांतर, वार्तांकन, अभ्यास किंवा समितीचं काम करणाऱ्याने मात्र पोक्सो, न्याय संहिता, जुनी दंड संहिता आणि २०१३ चा अधिनियम १४ अशा चार पीडीएफ उतरवून संगणकावर ठेवाव्यात, फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घालावी, आणि पोक्सोची प्रत अधूनमधून नव्याने घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीआधीची प्रत अजून अनेकांच्या संगणकात पडून आहे, आणि तिच्यात कलम ४ ची किमान शिक्षा सात वर्षं दिसते. १६ ऑगस्ट २०१९ पासून ती दहा आहे, आणि मूल सोळा वर्षांखालचं असेल तर वीस.